मंडप नको, माणूस सोडा

देवपूरला आमच्या गल्लीतल्या देवळात दर गुरुवारी बायकांचं भजन असे. मी पेटी वाजवायचे. मंडळाच्या प्रमुख अक्का, शाळेतून निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. एका गुरुवारी एक भिल्ल बाई देवळाच्या पायरीशी येऊन बसली. गल्लीतल्याच एका बांधकामावर ती आणि तिचा नवरा कामाला होते.

"मना नवराले पोलीस ली ग्यात, अक्का. तो चोर नई शे."

बांधकामावरच्या लोखंडी सळया चोरीला गेल्या होत्या आणि संशयावरून त्याला उचललं होतं. कोर्टापुढे नेलं नाही, तिला भेटूही दिलं नाही. ठाण्याबाहेर उभी राहून तिने त्याचं ओरडणं तेवढं ऐकलं होतं.

"आमदाराकडे जाऊ," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी देवळाचे विश्वस्तही बरोबर निघाले. मला वाटलं, माणुसकीचा उमाळा आला. त्यांच्या पिशवीत शाल-नारळ होता.

आमदार विश्रामगृहात एका मंत्र्याची वाट बघत बसले होते. नुकतंच त्यांनी कॉलेजात मानवी हक्कांवर भाषण ठोकलं होतं आणि स्वतःच्याच वाक्यांनी त्यांचा गळा दाटून आला होता. अक्का सगळं सांगत होत्या तेव्हा ते पानाला चुना लावत होते.

"माताभगिनी देवाच्या कामाला आल्या, आनंद वाटला. देवळाला सभामंडप हवा ना? देऊन टाकू."

विश्वस्तांनी तत्परतेने शाल उलगडली.

अक्का एरवी शुद्ध बोलत. संतापल्या की अहिराणीवर येत. "आमले मंडप नको, भाऊ. तो माणूस जोयजे."

"पोलिसांच्या कामात आपण कसं पडणार? तुम्ही आपलं भजन करा."

"बरं," म्हणत अक्कांनी व्हरांड्यात बसकण मारली आणि पिशवीतून टाळ काढले. आम्ही बायका मागे बसलो, त्या भिल्ल बाईलाही मध्ये घेतलं. पेटीशिवाय सूर काही लागेना, पण आवाज दणदणीत होता. "साहेब, आमचा यात संबंध नाही," विश्वस्त आमदारांना सांगू लागले.

तेवढ्यात मंत्र्याची गाडी आली. भजन आपल्याच स्वागताला आहे असं समजून मंत्रिमहोदय हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. फोटोग्राफर पुढे सरसावला. अभंग संपताच अक्का मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, या बाईच्या नवऱ्याला कोठडीत डांबून मारताहेत. आमदारांनी आम्हाला भजन करायला सांगितलं."

मंत्र्याने आधी फोटोग्राफरकडे पाहिलं, मग आमदारांकडे.

"मी आत्ता फोनच करणार होतो," आमदार म्हणाले. खोटं बोलताना त्यांची जीभ अजिबात अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला कोर्टापुढे उभं केलं, जामीनही मिळाला. पुढे सळया ठेकेदाराच्या मेहुण्याच्या शेतात सापडल्या. मारणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. मारात मोडलेला त्याचा हात वाकडाच जुळला.

सभामंडप मात्र झटपट उभा राहिला. उद्घाटनाला आमदारांनी आपण एका आदिवासी बांधवाला कसं सोडवलं ते रंगवून सांगितलं आणि विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच विश्वस्तांनी अक्कांना बजावलं, देवळात राजकारण चालणार नाही. अक्कांनी भजन आपल्या अंगणात नेलं. आम्ही सगळ्या तिकडे गेलो.

ते दोघं नवराबायको सुरतकडे कामाला निघाले, तेव्हा ती अक्कांच्या पाया पडायला आली. तो फाटकाशी उभा होता. त्याला आता घमेलं उचलता येत नव्हतं. बिऱ्हाडाचं गाठोडं तिच्याच डोक्यावर होतं.