सुलैबियाचं दप्तर

विमान उतरायला लागलं तरी कुवेत काही दिसेना. खाली नुसती पिवळट धूळ. "अहो, हे नेहमीच असं असतं का?" मी शेजारच्या बाईंना विचारलं. "ही तर सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. म्हटलं, झालं! सांगलीहून एवढ्या हौसेनं निघाले होते, धाकट्या भावाचा तिथल्या जहरा गावातला संसार बघायला.

भाऊ एका गोदामात कारकून. त्याला रजा मिळेना, म्हणून त्यानं मला भटकंतीसाठी सलीमभाईंच्या गाडीत बसवून दिलं. सलीमभाई राजापूरकडचे, कित्येक वर्षं इथं ड्रायव्हर. वाटेत त्यांनी भट्टीतला गरम खुबूस (भाकरीएवढी रोटी) घेतला. आम्ही तो गाडीतच फाडून खाल्ला.

पुढं सुलैबिया नावाच्या वस्तीत शिरलो आणि मी काच खाली करून बघायला लागले. बुटकी घरं, पत्र्याची छपरं, त्यांवर दगड ठेवलेले. याच का त्या तेलाच्या देशातल्या गल्ल्या? रस्त्याकडेला टेम्पोत कलिंगडं मांडून एक माणूस उभा होता. सलीमभाईंचा नेहमीचा कलिंगडवाला, अबू नासिर (म्हणजे नासिरचे बाबा). मी पाहुणी आहे कळताच तो चहाला घरी चला म्हणून हटूनच बसला.

"हे लोक बिदून," सलीमभाई हळूच म्हणाले. "जन्म हितलाच, पण नागरिकत्वाचा कागद नाय. मग धड नोकरी नाय, सरकारी शाळा नाय. आणि बाय, एक ध्यानात ठेवा. घरातल्या वस्तूची तारीफ करू नका. लगेच उचलून हातात देतील."

"म्हणजे काय, तोंड शिवून बसू?"

"बसा थोडा वेळ," ते हसून म्हणाले.

आत सतरंजीवर खजूर आले, काळा गोड चहा आला. चहा आणला दानानं. नासिरची बहीण, दहाएक वर्षांची, डोळ्यांत हुशारी अशी की वर्गात पहिल्या बाकावर बसवावी. भिंतीवर खिळ्याला तिचं निळं दप्तर होतं. तुटलेली चेन लाल दोऱ्यानं शिवलेली, टाके अगदी एकसारखे. माझा उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

"अगं बाई, किती सुंदर ठेवलंयस दप्तर!"

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. पण माझ्या हावभावांवरूनच दानाला कळलं होतं. तिनं बापाकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. तिनं दप्तर काढलं, आतल्या दोन वह्या खिडकीत ठेवल्या, बाहीनं धूळ पुसली आणि ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"नको गं राजा! शाळेला काय नेशील?"

सलीमभाईंनी हे अरबीत सांगितलं. अबू नासिर चहाच्या पेल्यात बघत काहीतरी बोलला.

"तिची शाळा सुटली, बाय," सलीमभाई म्हणाले. "चौथी पास झाली. खासगी शाळेची फी, दोघांची झेपत नाय. नासिर जातो. आता नाय म्हणू नका, त्याचा अपमान होईल."

मी दप्तर घेतलं. दुसरं काय करणार? दाना दारापर्यंत आली, पण तिची नजर माझ्याकडं नव्हती, दप्तराकडं होती. परतीच्या रस्त्यावर मी पदरात तोंड लपवून रडले. सलीमभाईंनी गाडीतलं गाणं बंद केलं.

नंतरच्या दिवसांत समुद्र पाहिला, बाजार पाहिले, भावजयीच्या हातची सुरमई खाल्ली. कशाचीच चव लागली नाही. सांगलीला आल्यावर दप्तर कुणाला द्यावंसं वाटेना आणि डोळ्यांसमोरही नको वाटे, म्हणून माळ्यावर ठेवलं.

परवा सलीमभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "बाय, ती दाना भेटली की विचारते. तिचं दप्तर आता कितवीत हाय?"

"पाचवीत," मी म्हणाले, आणि फोन ठेवून शिडी आणायला गेले.