हबशीचा वेल आणि माहेरची कात्री

लग्नात भांडीकुंडी सगळ्याच आणतात. मी नाशिककडून भोरला नांदायला आले ती द्राक्षवेलाची एक काडी घेऊन, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. सोबत वडिलांची छाटणीची कात्री. वेलाची जात हबशी, म्हणजे काळं द्राक्ष. वडील सांगायचे, कधीकाळी समुद्रापलीकडच्या लोकांबरोबर ही जात आपल्याकडं आली. खरंखोटं देव जाणे. पण मणी तोंडात टाकला की आधी गोडी, मग जिभेला जरासा तुरटपणा, आणि बोटं जांभळी. दुसरं द्राक्ष मला आजही द्राक्ष वाटत नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या कचेरीत कारकून. काळ्या द्राक्षाची दारू करतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. "सूनबाई, उद्या दारात फौजदार नको हं," असं रोज जेवताना म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी मात्र वेलाला जीव लावला. त्या डोंगरातल्या हिर्डोशीच्या, भात-नाचणीत वाढलेल्या. दोडक्याला घालतात तसा मांडव घातला, रोज पाणी घातलं. छाटल्याशिवाय द्राक्षाला फळ येत नाही, असं सांगायला गेले की म्हणायच्या, "हिरव्या वेलावर हत्यार चालवू न्हाई." दोन वर्षं वेल नुसता माजला. पानंच पानं, मणी एक नाही. शेवटी मामंजींनी फर्मान काढलं, यंदा फळ नाही धरलं तर उपटा आणि तिथं दोडका लावा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भोरात माझ्या माहेरचं म्हणून तेवढंच होतं. दसरा झाल्यावर सासूसासरे दोघं भोंगवलीला बारशाला गेली, तशी मी पदर खोचला आणि वेल छाटून काढला. दर काडीला चार-पाच डोळे, म्हणजे फुटव्याच्या गाठी, ठेवले, वडील ठेवायचे तेवढेच. मागं सरून पाहिलं तर मांडवावर नुसत्या काटक्या. मीच घाबरले, खोटं कशाला बोलू.

आत्याबाई परत आल्या, मांडवाखाली उभ्या राहिल्या आणि रडल्या. मग माझ्या हातातली कात्री हिसकावून माळ्यावर फेकली. "पुन्ना हात लाव, मग माझ्याशी गाठ हाय." पंधरा-वीस दिवस अबोला. मीही काही कमी नव्हते, मीही बोलले नाही.

मग एका सकाळी त्यांनीच मला हाताला धरून मांडवाखाली नेलं. काडीकाडीवर कोवळी पालवी, आणि तिच्यात मोहरीएवढ्या कळ्यांचे झुबके.

"ह्ये काय गं?"

"घड आहेत, आत्याबाई."

फाल्गुनात घड काळेभोर झाले. पहिला देवापुढं ठेवला. दुसरा फौजदाराला भिणाऱ्या मामंजींनी एकट्यानं संपवला आणि जांभळ्या मिशांनी कचेरीत गेले. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

पुढच्या खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आत्याबाईंनी हत्यारांची पूजा मांडली. पाटावर विळा, कोयता, मामंजींचा लिहायचा टाक. आणि मधोमध माझी कात्री, घासूनपुसून तेल लावलेली, वर हळदकुंकू. मी वाकून नमस्कार केला.

आत्याबाई वात सारत म्हणाल्या, "दसरा हू दे. मग किती डोळं ठिवायचं, ते मला शिकीव."