दाजींच्या खिशातला फवारा

दुखण्याशी उभं वैर धरावं तर ते माझ्या थोरल्या साडूंनी. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कोणाला काही दुखू नये ही जबाबदारी आपल्यावर आहे आणि आपण तिला कमी पडतोय, अशा चेहऱ्यानं हा माणूस वावरतो. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. लग्नानंतर ज्या बाबतींत मी स्वतःचं डोकं चालवणं सोडून दिलं, त्यांतली ही एक. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, त्यांची हळदीची अडत आहे. बोटं कायम पिवळी, सदरा मात्र पांढराशुभ्र, आणि त्या सदऱ्याच्या खिशात, जिथं इतर अडत्यांचं पेन असतं तिथं, जागा बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा.

सुरुवात झाली एका दाढेपासून. ती काढायला दाजी गेले तेव्हा सोबत मी होतो, म्हणजे बायकोनं पाठवलं म्हणून होतो. इंजेक्शन पाहून दाजी खुर्चीतून अर्धे उठले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं, हिरडीवर फुस्स करून काहीतरी मारलं, जरा थांबल्या आणि सुई टोचली. दाजी डोळे मिटून वाट पाहत राहिले. "टोचा ना बाई आता," असं ते म्हणाले, तेव्हा सुई कचऱ्याच्या डब्यात गेलेली होती. परतताना ओठ एका बाजूला लोंबत होता, पण डोळ्यांत साक्षात्कार झाल्याची चमक. "सुईची तकलीफ व्हऊ न्हाई म्हणून आधी फवारा. म्हंजे दुखायच्या आधीच दुखणं बंद. अन् अशी चीज हे लोक दवाखान्यातच ठेवून राहिले?" दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून बाटली आली.

त्यांचा पहिला रोगी मीच. त्यांच्या शेतात गांधीलमाशी माझ्या मानेला डसली आणि मी वयाला न शोभेल असा ओरडलो. दाजींनी फवारा मारला, वरून फुंकर घातली आणि माझी मान धरून बांधावर बसले. "गेलं का? आता गेलं का?" कळ डोक्यापर्यंत गेली होती, तरी मी "गेलं" म्हणालो, कारण न म्हणतो तर बाटली संपली असती. माझ्या या भित्र्या साक्षीवर त्यांचा सगळा धंदा उभा राहिला. हमालाचं उखडलेलं नख, शेतकऱ्याच्या टाचेतला काटा, शेजारणीचा पोळलेला हात, दाजी फवारा मारत, फुंकत आणि विचारत, आणि समोरचा त्यांच्या तोंडाकडे बघून "गेलं" म्हणे. एका लग्नात तर "तिखट म्हंजे तरी काय, जिभेचं दुखणंच" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या जिभेवर फवारा मारला आणि जळजळीत रस्सा पाण्यासारखा ओढला. रश्श्याबरोबर गालही चावला गेलाय हे त्यांना कळलंच नाही. सदऱ्यावरचा लाल डाग रश्श्याचा नाही, हे मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरी आल्यावर ओळखलं.

तो गाल दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुनावलं. "काका, हे तोंडातल्या, घशातल्या ओल्या जागेसाठी असतं. वरच्या कोरड्या कातडीवर ह्याचा फारसा उपयोग होत नाही. मारून जेवायचं तर मुळीच नाही, घास अडकेल घशात. आणि लहान लेकरांना आपल्या मनानं कधी लावू नका." रस्त्यात दाजी म्हणाले, "मग तुमची गांधीलमाशी?"

"मला बरं वाटलं होतं दाजी," मी म्हणालो. हे खोटं बोललो की खरं, ते माझं मलाही अजून ठरवता आलेलं नाही. इतका वेळ माझ्या मानेवर हात ठेवून तोवर कोणी बसलं नव्हतं.

यंदा त्यांच्या नातीचे कान टोचायचे ठरले. एकुलती एक लेक शिरड शहापूरला दिलेली; बाळंतपणही इथंच झालेलं, म्हणून कार्यक्रमही इथंच. आमच्याकडे लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात. या पोरीला मामा नाही, तेव्हा तो मान आजोबांकडे आला, आणि लेक सावध झाली. कारण तिच्या वेळी एक कान टोचून ती रडायला लागताच दाजी "बास" म्हणाले होते आणि तिला उचलून सोनाराच्या दुकानातून तडक घरी आले होते. दुसऱ्या कानाचं नावही नंतर ते काढू देईनात. चौथीपर्यंत ती एका कानात बाळी घालून शाळेत गेली आणि वर्गातल्या पोरींच्या हसण्यानं रडत घरी आली.

"बाबा, माझ्या लेकीचे दोन्ही कान आजच व्हायला पायजेत," तिनं बजावलं. "तुमी मधी बोलायचं न्हाई. अन् तो फवारा तिला लावायचा न्हाई."

"न्हाई बोलत. न्हाई लावत."

सोनार घरी आला, तसं दाजींनी मला आतल्या खोलीत ओढलं. "तोंड माझ्या ताब्यात राहत न्हाई, मला माहीत हाय. बास म्हणलं की संपलं सगळं. हे तोंडासाठीच हाय म्हणल्या ना बाई? बराबर?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी आ करून जिभेवर, टाळूवर, ओठांत, गालांत फवारे मारून घेतले.

सोनारानं पहिली तार घातली. नात क्षणभर गप्प राहिली आणि मग तिनं घर डोक्यावर घेतलं. दाजींचं तोंड उघडलं. शब्द आला नाही, लाळ आली. जीभ आत नुसतीच इकडून तिकडे लोळत होती.

"हे काहून असं करून राहिले?" मेहुणी घाबरली.

"तोंड बधिर करून घेतलंय त्यांनी," मी म्हणालो, आणि सगळे हसायला लागले. सोनारानंही तार खाली ठेवून हसून घेतलं.

लेक तेवढी हसत नव्हती. ती बापाच्या हातांकडे बघत होती. हात शाबूत होते, पाय शाबूत होते. लेकरू उचलून पळायला बोलावं लागत नाही. उठायला दाजींचे गुडघे दोनदा हलले. नात रडता रडता थांबली, आजोबांचा लोंबता ओठ तिनं निरखून पाहिला आणि मुठीत धरून ओढला. तेव्हा दाजींनी डोळे मिटून घेतले, पिवळ्या बोटांनी तिचं डोकं हलकेच वळवलं आणि दुसरा कान सोनारापुढे केला.

या वेळी ती फार रडली. गूळही चालेना. रडून रडून त्यांच्याच मांडीवर झोपली. लेकीनं पदरानं बापाची हनुवटी पुसली, मग त्यांचे डोळेही पुसले आणि ती तिथंच खाली टेकून बसली. जावयानं घड्याळ पाहिलं. त्यांची एसटी निघायची वेळ झाली होती. त्यानं पिशवी उचलली, मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं आणि पिशवी परत भिंतीला लावून ठेवली.

"झोपू द्या तिला," तो हळूच म्हणाला. "पुढच्या गाडीनं जाऊ."

एव्हाना दाजींची जीभ वळायला लागली असणार. पण "गेलं का" न विचारता त्यांनी नातीच्या कानावर हळूच फुंकर घातली.