सीटवरचं प्लास्टिक

माझी शाळा सातवीत सुटली. कोकणातून अकोल्यात आलो तेव्हा गाड्या दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी त्यांच्या शेडमध्ये माझ्या शिलाई मशीनला जागा दिली. ते उपकार मी विसरत नाही. तरी त्यांना बघून माझ्या पोटात दुखतं.

त्याच शेडमध्ये त्यांनी एक जुनी अमेरिकन गाडी आणून ठेवली. इतकी लांब, की मागचं टोक बाहेर राहिलं आणि त्यावर वेगळा पत्रा टाकावा लागला. लोक म्हणाले, आधी रंग मारा. भाऊ ब्रेक उघडून बसले. "पयले थांबाले शिकवू तिले, मंग चालाले." काम अडलं की वैतागायचे नाहीत. बॉनेटवर चहाचा कप ठेवून गाडीकडे बघत राहायचे. माझा एक टाका तिरपा गेला तरी मला जेवण जात नाही.

तिच्या सीट मी लाल रेक्झिनमध्ये शिवल्या आणि वरून प्लास्टिक चढवलं. गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली त्या दिवशी भाऊंनी ते टराटरा फाडलं आणि गल्लीतली पोरं धुळीच्या पायांनी आत चढवली.

"अहो भाऊ, डाग पडतील!"

"काहून घाबरून राहिला बे? सीट बसाले शिवली न तू, का पाहाले?"

पोरं उड्या मारत होती आणि भाऊ खुशाल हसत होते.

संध्याकाळी मी माझ्या जुन्या स्कूटरपाशी गेलो. तिची सीटही मीच शिवलेली, तेव्हापासून प्लास्टिकमध्येच आहे. एक कोपरा धरून ओढला. थोडासा सुटला.

मग इकडेतिकडे बघितलं आणि अंगठ्याने दाबून तो पुन्हा नीट बसवला.