गुलाबी भोवरा आणि माझी नाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या धुतलेल्या पायजम्याची नाडी ओढून काढणं. पायजमा मी धरलेला, नाडी गंगा ओढत होती. तिच्या भोवऱ्याची जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, तुटली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नातीला, चिन्नीला, भोवरा शिकवायचं तिनं कबूल केलेलं.

"अगं, मग हा पायजमा घालायचा कसा?"

"हातानं धरा की. तुमच्या हातांना दुसरं काम काय हाय?"

नाडी तिनं भोवऱ्यावर घट्ट गुंडाळली, भोवरा खिडकीत ठेवला, जरा पडते म्हणाली... आणि उठलीच नाही. आता महिना होत आला.

त्या भोवऱ्याचं सांगायलाच पाहिजे. चिन्नी सुट्टीला आली तेव्हा आम्ही तिला खेळणं घ्यायला गेलो. पोरगी म्हणाली, भोवरा पाहिजे. दुकानदार म्हणाला, "अज्जी, पोरींना गुलाबी घ्या. ही बाहुली बघा." गंगानं भोवराच घेतला, घरी येऊन लेकीची नखं रंगवायची बाटली उघडली आणि भोवरा गुलाबी केला. म्हणाली, "झालं. आता पोरीचा."

गल्लीतली पोरं लोळून हसली. भोवऱ्याला ती बुगरी म्हणतात. "बायकी बुगरी!" गंगानं पदर खोचला, रस्त्यावर खडूनं रिंगण काढलं आणि एकेकाच्या भोवऱ्याला आरेनं, खालच्या खिळ्यानं, असे टोचे पाडले की एक तर मधोमध फुटला. मी दारातून ओरडलो, "अगं, वय बघ!" ती म्हणाली, "तुम्ही भोवरा बघा." दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आली ती गुलाबी भोवरे घेऊन. त्यांना वाटलं, ताकद रंगातच हाय. घराघरांतल्या बाया बाटल्या शोधत आमच्या दारात भांडायला आल्या, आणि चहा पिऊन गेल्या.

मी मात्र नावं ठेवायचो. भोवरा पोरांचा खेळ, बाईनं हात लावू नये. खरं सांगतो, मला तो कधी आलाच नाही. अमरगोळच्या बाजारात जन्मभर मिरचीची पोती उचलली, पण भोवरा फिरला नाही. गंगा कलघटगीला माहेरी शिकलेली, भाऊ शाळेत गेले की चोरून. लग्नानंतर एकदा मी पुतण्याला दाखवायला गेलो, तर माझा भोवरा थेट पाण्याच्या घागरीवर. गंगा हसून हसून खाली बसली. पण कुणाला बोलली नाही. मी पोरांचा खेळ, पोरांचा खेळ म्हणत राहिलो, तिनं मला म्हणू दिलं.

ती गेली त्या संध्याकाळी स्मशानातून आलो, आंघोळ केली, लेकीनं हातात दिला तो पायजमा चढवला. तोच निघाला, बिननाडीचा. रात्रभर तो मुठीत धरून बसलो. सकाळी माणसं यायला लागली. कुणीतरी कुजबुजलं, "अण्णा कसा पोट धरून बसलाय बघा, लई लागलंय मनाला." लागलं होतंच. पण पोट त्यासाठी धरलं नव्हतं.

तेवढ्यात चिन्नी खिडकीतला भोवरा घेऊन पुढ्यात उभी. "अज्जी आज शिकवणार होती." लेक तिला ओढायला लागली. मी म्हटलं, "राहू दे तिला." ती गुंडाळी गंगाच्या हातची होती. एकदा सुटली की सुटली... मी जरा वेळ बघत बसलो. मग उठलो, एका हातानं पायजमा धरून चिन्नीला अंगणात नेलं.

"फेक," म्हटलं.

तिनं फेकला. आडवा पडेल वाटलं, पण उभा राहिला. गुणगुणत फिरला, गुलाबी नुसता. फाटकापाशी गल्लीतली पोरं टाचा उंचावून बघायला लागली. थांबला तेव्हा चिन्नीनं नाडी माझ्यापुढे धरली.

"आता तुम्ही गुंडाळा."

मी पायरीवर टेकलो, पायजमा मांड्यांत दाबला आणि गुंडाळायला लागलो.

"तसं नाही हो, अज्जा," ती म्हणाली. "खालून. आरेपासून."

मी सगळी सोडली आणि खालून सुरुवात केली.