सव्वादोनचा हात आणि लाल हिरड्या

तिसरी बांगडी फुटली तेव्हा मुलगी रडली नाही. रडली तिची आई.

"कासारीणबाई, अजून साबण लावा की!"

"साबण संपला तरी हे हाड आत जायचं नाही," मी म्हटलं.

निजामाच्या शहरात, कोठीच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण हात कळतात. काचेची बांगडी भरताना अंगठा तळव्यात दुमडायचा, चार बोटांच्या मुळाशी वर आलेली हाडं एकत्र दाबायची आणि बांगडी वरून सरकवायची. निरोगी हात दबतो. या मुलीचा, मृणालचा, दबत नव्हता. हाडांवर सूज होती आणि हात गरम लागत होता. वर्षापूर्वी साखरपुड्याला मीच तिला सव्वादोन इंचाच्या मापाच्या बांगड्या भरल्या होत्या. मुलगी चोवीस वर्षांची, जवळच्याच हिमायतनगरला नव्या कंप्युटर कंपनीत कामाला. त्या वयात हाडं वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट तोंडाची. हात दाबला की बाई "आई गं" म्हणते आणि ते थेट माझ्या नाकावर येतं. मृणालच्या तोंडाला घाण वास होता. हिरड्या लालभडक, दातांच्या कडेला रक्त. असे हात आणि असं तोंड मी कितीदा तरी एकाच बाईत पाहिलं होतं. का ते माहीत नव्हतं.

"हिला दातांच्या डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

"अहो, दुखतोय हात!" सुनंदाबाई, म्हणजे तिची आई, ओरडल्या.

"हातही दाखवा. पण तोंड विसरू नका."

"शनिवारी चुडा आहे. विहीणबाई पुण्याहून यायच्यात. त्यांनी सोन्याच्या पाटल्या केल्यात, सव्वादोनच्याच. हात सुजलाय हे कळलं तर लग्न मोडेल माझ्या पोरीचं."

"मग लग्नानंतर काय हात माहेरी ठेवणार?"

सुनंदाबाईंनी त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "पिंकीचा हात सव्वादोनचा आहे."

पिंकी ही मृणालची आतेबहीण. बेत असा ठरला की मृणालनं शाल पांघरून बसायचं, पिंकीनं मागं दडायचं आणि शालीतून आपला हात पुढं करायचा. मी नको म्हटलं. पण मी गेले नसते तर दुसरी कुणी आली असती आणि तिनं मुलीची बोटं मोडली असती. म्हणून गेले.

शनिवारी मे महिन्याच्या उकाड्यात नवरी लोकरी शाल घेऊन बसली. उजवा हात बाहेर आला. मी हिरव्या बांगड्या भरल्या. विहीणबाईंनी स्वतः पाटली चढवली. सर्रकन गेली.

"लोण्यासारखा हात गं!" त्या खूश झाल्या. "घे, पेढा घे."

मृणाल गुणी मुलगी. मोठ्यांनी दिलेलं उजव्या हातानं घ्यायचं हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं शालीतून आपला उजवा हात पुढं केला.

दोन्ही हात शेजारी शेजारी. दोन्ही उजवे.

विहीणबाईंनी पेढा मागं घेतला. "मुलीला उजवे हात किती आहेत?"

शालीमागून पिंकी म्हणाली, "मामी, मी जाऊ का आता? गुदमरतंय."

सुनंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग मीच सगळं सांगितलं, हिरड्यांसकट.

"वास मलाही आला होता, मुलगी बघायला आलो तेव्हा," विहीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कांदा खाल्लाय." मग मृणालकडे वळल्या. "किती दिवस दुखतंय?"

"चार महिने. सकाळी दोन तास मूठ वळत नाही. ऑफिसात कीबोर्डवर बोटं चालत नाहीत. आई म्हणाली, लग्न होईपर्यंत बोलू नकोस."

"उठा. चपला घाला सगळ्यांनी."

पिंकी घरीच राहिली, एका रिक्षात आम्ही चौघी. आधी दातांचा डॉक्टर. तो म्हणाला, "वय चोवीस, हिरड्या साठीच्या." मग सांध्यांचा डॉक्टर. त्यानं मृणालचा हात धरला आणि बोटांच्या मुळाची हाडं एकत्र दाबली, अगदी माझ्यासारखी. मृणाल किंचाळली.

"डॉक्टर, अंगठा आत दुमडा," मी म्हटलं.

"अम्मा, मेरेकू चूड्यां नई पिन्हाना," तो दख्खनी हिंदीत म्हणाला.

रक्त तपासल्यावर निघाला संधिवात, त्यातला ऱ्हुमॅटॉइड. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर तुटून पडतं. हिरड्यांचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाला, तिथले जंतू अंगातल्या काही गोष्टी अशा बदलतात की शरीराला आपलाच माल परका वाटतो, अशी शंका आहे. सगळ्यांच्या बाबतीत नाही, आणि नुसत्या हिरड्या साफ करून सांधे बरे होत नाहीत. गोळ्या घ्याव्याच लागतात. अजून उशीर झाला असता तर बोटं वाकडी झाली असती.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मी चुडा अडीचच्या मापाचा भरला, एकही फुटली नाही. पाटल्या विहीणबाईंनी मोडून मोठ्या करून घेतल्या. हिरड्या चार खेपांत साफ झाल्या. दिवाळीला मृणाल दुकानात आली तेव्हा तिची मूठ वळत होती. गोळ्या चालूच आहेत.

या सगळ्यातून मी एकच शिकले. लग्न ठरलेल्या मुलीचं माप घेताना आधी तिच्या आईला दुकानाबाहेर बसवावं. आता बाहेर एक स्टूल ठेवलंय.