स्टुलावरचे आठ तास

कॉलेजात तिला समोरासमोर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की स्टूलबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि चोवीस वर्षांत तिने त्यावर कधी कपाळाला आठी घातली नाही. नाव कमावलेलंच होतं. प्रोग्राम बांधायला शिकवणारी ही बाई सुरुवातीला पोरांना संगणकाला हातच लावू देत नसे. ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा त्याच्याशेजारी स्टूल टाकायचं, आठ तास बसायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही आणि तो काय काय करतो ते वहीत उतरवायचं. पोरं बोटं मोडत, पण बसत. बहुतेकांच्या वाट्याला कॉलेजचा ग्रंथपालच यायचा. शेजारी सदान्‌कदा कोणीतरी लिहीत बसलेलं, त्यामुळे बिचाऱ्याला प्रत्येक काम मोठ्याने बोलत करायची सवयच लागून गेली होती.

सुट्टीच्या तोंडावर विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. हे गृहस्थ एके काळी तिच्याच वर्गात शेवटच्या बाकावर झोपा काढत.

"मॅडम, नवा अभ्यासक्रम करायचाय. आता एकच अगडबंब प्रोग्राम कोणी बांधत नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक सुटा. दर दोन आठवड्यांनी काहीतरी चालतं करून दाखवायचं. मुलाखतीत पोरांना हेच विचारतात."

"बरोबर आहे," ती म्हणाली. खरंच बरोबर होतं.

"तास मात्र अठ्ठेचाळीसच. नवं सगळं बसवलं की आठ जास्त होतात." ते टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ करत राहिले. "तुम्हीच कापा. दुसऱ्या कोणी कापलं तर तुम्हाला लागेल."

स्टुलावरच्या त्या आठ तासांखेरीज तिचं स्वतःचं असं अभ्यासक्रमात काहीच नव्हतं. बाकी सगळं पुस्तकातलं, कोणीही शिकवावं. तिने तक्त्यातली ती ओळ निवडली आणि बटण दाबलं. खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या. आता लागेल म्हणून ती जरा थांबली. काही लागलं नाही.

"कापलंस?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"कापलं."

"मग?"

"मग काय? भाजी गरम करू ना?"

ती गॅस पेटवायला गेली.

नवं सत्र सुरू झालं. रोज सव्वानऊला अख्ख्या विभागाने गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. बसलं की माणसं पाल्हाळ लावतात म्हणून उभं राहायचं, असं त्यामागचं शास्त्र. तिचं उत्तर तीन महिने एकच. "काल तास घेतले. आज तास घेणार. अडचण नाही."

पोरांनी वाचनालयाच्या प्रोग्रामचं काम नऊ तुकड्यांत वाटून घेतलं. सहा आठवड्यांत नऊच्या नऊ तुकडे चालू, पडद्यावर नऊ हिरवे दिवे. टाळ्या पडल्या, तिनेही वाजवल्या. सोमवारी सकाळी ग्रंथपाल तिच्या दारात उभे.

"मॅडम, माझ्याच वाचनालयातून मला हाकललंय."

बाइंडिंगला गेलेली पुस्तकं ते वर्षानुवर्षं स्वतःच्या नावावर टाकत, म्हणजे कोणी कपाटात शोधत बसत नाही. अशी त्रेसष्ट पुस्तकं होती. एका तुकड्याला माहीत होतं की माणशी चारच मिळतात. दुसऱ्याने पुस्तकं परत करा म्हणून त्यांना त्रेसष्ट ताकिदा धाडल्या. तिसऱ्याने त्यांचं खातं बंद केलं, आणि त्यांच्या खात्याशिवाय काउंटर उघडत नव्हतं. तिन्ही तुकडे अगदी बिनचूक चालले होते. स्टुलावर कोणी तासभर जरी टेकलं असतं, तरी बाइंडिंगचा गठ्ठा डोळ्यांसमोर आला असता.

पोरांनी दोन दिवसांत चूक निस्तरली. विभागप्रमुख खूश. "बघा, हीच तर गंमत! चूक झाली, कळली, दुरुस्त. जुन्या अगडबंब प्रोग्रामला महिना लागला असता."

तेही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोलात तिची पाळी आली. "मॅडम, अडचण?" सगळे थांबले होते. आठ तास परत द्या, एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्या दिवशीचा तास संपवून ती वाचनालयात गेली. स्टुलावर जुनी वर्तमानपत्रं साठली होती. ग्रंथपालांनी ती खाली ठेवली, फडकं मारलं. ती बसली. त्यांनी पडदा सवयीने तिच्याकडे वळवला आणि मोठ्याने सुरू केलं, "हे पुस्तक परत आलं. आधी पानं बघायची. शिवण सुटलीय, म्हणजे हे बाइंडिंगला..." मध्येच ते थांबले.

"लिहून घेत नाही?"

"कोणासाठी घेऊ? आता पोरं नाही यायची बसायला."

"कधीच?"

"अभ्यासक्रमात नाही ते. मीच काढलं."

त्यांनी पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं. अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "मग मी आता मनातल्या मनात बोललो तर चालेल का?"

तिला तिथे लागलं. इतकं की स्टुलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली.

"नको," ती कशीबशी म्हणाली. "मोठ्याने बोला."